फटफटीवरून आपलं राहिलेलं भांडण

विनूभाऊजी,

तुमची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ईशानचा फोन आला. आधी तुमच्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "आजी, आजोबांची गाडी आता ओरिजिनल करून घेऊ या का? पुण्यात एक जण फार छान करतो. आता कोणी नाही म्हणणार नाही."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. प्रत्येक सुट्टीत तो माझीच बाजू ऐकत मोठा झाला. गाडी जशी होती तशी ठेवायला हवी होती, विनूआजोबांनी तिची वाट लावली, हे त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. माझ्या मनासारखं काहीतरी करावं, एवढंच त्याला वाटलं असणार. मी म्हणाले, "हो, करू या." फोन ठेवला आणि मग त्याचं शेवटचं वाक्य माझ्या लक्षात आलं. आता कोणी नाही म्हणणार नाही.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, ईशान आणि मीरा. दोघांनाही मराठी वाचता येतं, थोडं सावकाश. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "मंग सरळ त्यायलेच लिवा ना वैनी, मले कायले मंधात घेता?" तर तुम्हाला मध्ये घेतल्याशिवाय मला ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून.

मुलांना गाडीची माहिती आधी द्यायला हवी. ती यांनी, मुलांच्या आजोबांनी, आमच्या लग्नाच्या आधी घेतली होती. काळी, जड, लाथेने सुरू होणारी. हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट, हिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. हे गुरांचे डॉक्टर. रिसोडहून निघायचे आणि शिरपूरपर्यंतची गावं करून यायचे. मागच्या चाकाच्या बाजूला पत्र्याची पेटी स्वतःच ठोकली होती. त्यात औषधाच्या बाटल्या, जाडजूड सुया, दोरखंड आणि माझ्या हातची दशमी. शिवारात फटफट असा आवाज आला की लोक हातातलं काम टाकून गोठ्याकडे निघायचे. फटफटी आली म्हणजे डॉक्टर आले.

हे गेले तेव्हा मी गाडी पडवीत उभी करून ठेवली. वरून माझी एक जुनी सुती साडी घातली. टायरमध्ये हवा भरून घेत असे, साखळीला तेल देत असे, आरसा पुसत असे. माझं सगळं काम रीतसर असतं, हे तुम्ही लोकांना सांगत असा आणि सांगताना हसत असा. चालवत मात्र कोणी नव्हतं. मग एक दिवस मी कॉलेजातून घरी आले तर साडी घडी करून खुर्चीवर ठेवलेली आणि तुम्ही गाडीपाशी उकिडवे बसलेले.

"वैनी, गाडी उभी ठेवली की मरते," तुम्ही म्हणालात. "ढोरासारखंच हाय थे. दावणीले बांधून ठेवलं तं पाय आखडतात."

"मग फिरवा," मी म्हणाले. "पण जशी आहे तशीच ठेवा."

"हो," तुम्ही म्हणालात.

त्या एका "हो"वर आपण पुढे किती भांडलो! मी आठवण करून दिली की तुम्ही म्हणायचात, "म्या हो म्हटलं व्हतं. कवापर्यंत हो, थे नव्हतं म्हटलं."

आधी सीट गेली. दोन वेगवेगळ्या स्प्रिंगच्या सीट होत्या, पुढची चालवणाऱ्याची, मागची थोडी उंच. त्या काढून तुम्ही एक लांब गादी बसवून आणलीत. मी रागावले तेव्हा तुम्ही शोभाकडे बोट दाखवलंत. तिची कंबर तेव्हा धरलेली, दर पंधरवड्याला वाशीमला दवाखान्यात न्यावं लागत होतं. "स्प्रिंगवर उडून उडून हिचा मणका माह्या हातात येईन. मंग तुमी सांगा, सीट ओरिजिनल पाह्यजे का जाऊबाई?" शोभा आतून ओरडली, "माह्यं नाव नका घेऊ. मले एसटीनं जाता येते!" तुम्ही म्हणालात, "ऐकलं? उपकार बी नाई."

मग दिवा. जुन्या दिव्याचा उजेड पिवळा आणि मिणमिणता, पुढच्या चाकापलीकडे जेमतेम पोचणारा. तुम्ही बॅटरी बदललीत, वायरी बदलल्यात आणि पांढराशुभ्र दिवा लावलात, डोळ्यांत खुपणारा. मी म्हणाले, हा दिवा या गाडीच्या तोंडावर शोभत नाही, म्हाताऱ्या माणसाला गॉगल लावल्यासारखा दिसतो. तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्याले दिसत नसंन तं लावनच."

ईशान, मीरा, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न शिरपूरला होतं. परतीची एसटी आली नाही. फोन केला तर विनूआजोबा गाडी घेऊन हजर. मी त्या लांब गादीवर एका बाजूला पाय सोडून बसले, पर्स मांडीवर, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर. तिन्हीसांज होत होती. वळणावर अचानक त्या पांढऱ्या उजेडात दोन डोळे चमकले. रस्त्याच्या मधोमध रोही, म्हणजे नीलगाय, उभा, घोड्याएवढा. गाडी थांबली तेव्हा तो इतका जवळ होता की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. मग भाऊजी, तुम्ही मान न वळवता म्हणालात, "आता बोला वैनी. दादाच्या दिव्यात दिसला असता?"

मी म्हणाले, "दिसला नसता. पण ते इतक्या जोरात चालवतही नव्हते."

तुम्ही असे हसलात की रोहीच बिचकून तुरीच्या शेतात शिरला. ही गोष्ट तुम्ही गावभर सांगितलीत, दर वेळी रोही थोडा मोठा होत गेला. दिवा चांगला आहे, हे मात्र मी कबूल केलं नाही. तुम्हीही वदवून घेतलं नाहीत. आपल्या भांडणाची ती रीत होती. कोणी हरायचं नाही, कोणी जिंकायचं नाही, म्हणजे पुढच्या वेळी सुरू करायला बरं पडतं.

मला कोणी विचारतं, जुन्या गाडीसाठी एवढा जीव कशाला? मी इंग्रजी शिकवलं. विद्यार्थ्यांना सांगत असे की लेखकाने लिहिलेला शब्द आपल्याला आवडला नाही म्हणून बदलायचा नसतो, समजून घ्यायचा असतो. गाडीचंही मला तसंच वाटत होतं. माणूस गेला, त्याचे कपडे वाटले, चष्मा कुठे गेला ते कळलं नाही, आवाजाची एकही फीत नाही. एक गाडी तेवढी पूर्ण उरली होती. तिची मूठ तीच होती जी त्यांच्या हातात असायची. तुम्ही एकेक वस्तू काढत होतात आणि मला वाटायचं, हे थोडे थोडे घर सोडून जात आहेत. हे मी तुम्हाला या शब्दांत कधी सांगितलं नाही. मी दिव्याबद्दल बोलत राहिले, गादीबद्दल बोलत राहिले.

आणि मग डवरा आला.

शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगते. सोयाबीन वीतभर झालं की ओळींमधलं तण काढायला डवरा फिरवतात. लोखंडी पात्याचं, बैलांनी ओढायचं, मागून मूठ दाबत माणसाने चालायचं अवजार. त्या वर्षी आपल्या जोडीतला एक बैल गेला, दुसरा एकटा पडला म्हणून तुम्ही तो विकलात. भाड्याने जोडी मिळेना, निंदायला बाया मिळेनात. आसपासच्या शेतांत लोक मोटरसायकलीलाच डवरा बांधून ओढायला लागले होते. पण त्या साध्या गाड्या होत्या, बाजारातल्या. मला स्वप्नातही वाटलं नव्हतं की तुम्ही ही गाडी त्या कामाला लावाल.

मी आणि शोभा शेतावर डबा घेऊन आलो. बांधावरून पाहिलं. यांची गाडी सोयाबीनच्या ओळींमध्ये, चाकं चिखलाने माखलेली, मागे डवरा, डवऱ्यामागे शेतात मदतीला येणारा भागवत मूठ दाबत चाललेला आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, पाय फाकवून, डोक्याला रुमाल बांधून. गाडी धापा टाकत होती. डवरा अडकवायला रशीदभाईंच्या दुकानात तुम्ही गाडीच्या सांगाड्यालाच मागे दोन लोखंडी कान जोडून घेतले होते. रशीदभाई वेल्डिंगचे कारागीर, आपल्या घराशी त्यांचा जुना घरोबा. त्यांनी म्हणे तुम्हाला विचारलंही होतं, "विनूभाऊ, भाभीजीको पता है क्या?" तुम्ही म्हणालात, "पता चलेगा." पुढे कित्येक महिने ते रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूने जायचे.

मी बांधावरूनच ओरडले. तुम्ही गाडी बंद केलीत आणि चालत आलात.

"बोलटानं बसवता नसतं आलं? सांगाड्याला आग लावली तुम्ही," मी म्हणाले.

"बोलटानं राहत नाई वैनी. झटका बसते."

"सीट बदलली, दिवा बदलला, मी सोसलं. पण हा सांगाडा आहे. हा त्यांच्या वेळचा होता."

"मंग पेटी?" तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज तेव्हाही चढला नव्हता. "पेटी काय कारखान्यातून आली व्हती? दादानं सोताच्या हातानं भोकं पाडून ठोकली. दादानं पेटी ठोकली थे ओरिजिनल, अन् म्या कान जोडले तं बिघाड?"

जे तोंडाला आलं ते मी बोलले. "ती त्यांची गाडी होती."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हात पँटला पुसलेत. परत गेलात, लाथ मारलीत, गाडी सुरू केलीत आणि उरलेल्या ओळी पूर्ण केल्यात. डबा तसाच राहिला.

तुम्ही विचारू शकला असतात, मग आता ती कोणाची? इतकी वर्षं तेल घातलं, रात्री-बेरात्री लोकांना दवाखान्यात पोचवलं, माझ्या मुलाला स्टेशनवर सोडलं, तो परदेशी निघाला तेव्हाही याच गाडीवर. तुम्ही विचारलं नाहीत. त्यानंतर कधीच विचारलं नाहीत.

आपण बोलणं सोडलं. एकाच पडवीत, समोरासमोर बसून. मी म्हणायचे, "शोभा, भाऊजींना सांग, चहा निवतो आहे." तुम्ही म्हणायचात, "शोभे, वैनीले सांग, मले दिसून राह्यला." शेवटी शोभा चिडली. "दोघं आमनेसामने बसले अन् मले मंधात नाचवून राह्यले! म्या काय पोस्टमन हाय काय?"

दसऱ्याला ते सुटलं. दरवर्षी गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून तुम्ही उभी करायचात आणि पूजा मी करायची, असं यांच्या माघारी आपसूक ठरून गेलं होतं. त्या वर्षी मी खोलीतून बाहेर आले नाही. तुम्ही कुंकवाचं ताट घेऊन दारात आलात. "नारळ म्या फोडतो," तुम्ही म्हणालात, "कुंकू तुमी लावा. शोभीनं लावलं तं गाडीले वाटंन घर बदललं." मी उठले. कुंकू लावलं. कोणी क्षमा मागितली नाही. संध्याकाळी सोनं द्यायला आलात तेव्हा पाया पडताना म्हणालात, "डवऱ्याचं मात्र म्या आयकणार नाई हं, आधीच सांगतो." मी म्हणाले, "मीही नाही."

आणि दर पावसाळ्यात ती गाडी शेतात जात राहिली आणि दर पावसाळ्यात मी बडबडत राहिले.

या वर्षी पेरणी आटोपली, कोंब वर आले. तुम्ही दुपारी शेतातून आलात, गाडी लावलीत, दारात चपला काढल्यात, पडवीत बसलात आणि म्हणालात, "शोभे, पानी दे वं." तिने माठातून पाणी काढून आणेपर्यंत तुम्ही गेला होतात. मी समोरच्या खुर्चीवर पेपर वाचत होते. मला वाटलं, डोळा लागला. मी पेपरचं पान उलटलंसुद्धा.

एवढंच मला त्या दिवसाबद्दल लिहिता येतं.

तर ईशानला मी हो म्हणाले आणि पुण्याच्या माणसाशी त्याचं बोलणं झालं. त्या माणसाने गाडीचे फोटो मागवले. मी सगळ्या बाजूंनी काढून पाठवले, माझ्या पद्धतीने, नीट. त्याने फार आदराने फोन केला. म्हणाला, "मॅडम, गाडी दुर्मिळ आहे. कारखान्यातून निघाली तशी करून देतो. मागचे कान कापावे लागतील. पेटीही काढावी लागेल, तिची भोकं भरून घेऊ. आणि हा काळा रंग नंतर दिलेला आहे. त्या वेळी ही गाडी या रंगात येत नव्हती."

मी म्हणाले, "काळीच होती ती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून काळीच आहे."

"मग त्याच्या आधी कोणीतरी रंगवली असेल," तो म्हणाला.

कोणीतरी म्हणजे कोण? घेतली यांनीच, नवी कोरी. म्हणजे यांनीच रंगवली. लग्नाच्या आधी, मला न विचारता, कारण विचारायला मी नव्हतेच. तुम्हाला हे ठाऊक होतं का, भाऊजी? तुम्ही तेव्हा शाळेत होतात, असणारच ठाऊक. बांधावर आपण भांडलो तेव्हा पेटीचं काढलंत, रंगाचं का नाही काढलंत? तेवढ्यावर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. की म्हणूनच नाही काढलंत?

मग त्याने एक चित्र पाठवलं, गाडी पूर्ण झाल्यावर कशी दिसेल त्याचं. गर्द हिरवी, चकचकीत. दोन स्प्रिंगच्या सीट. पेटी नाही. कान नाहीत. फार देखणी. मी फोन शोभाला दाखवला. तिने चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "हे कोनाची हाय?"

"आपलीच," मी म्हणाले.

"असंन बापा," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. माझ्या ओळखीचं कोणी त्या गाडीवर बसलेलं मला दिसेना. हे दिसेनात. हे म्हटलं की मागे पेटी हवी, तिच्या झाकणाचा तो खडखडाट हवा. तुम्ही दिसेनात. मी इतकी वर्षं ज्याला ओरिजिनल म्हणत होते ते कारखान्याचं नव्हतंच. यांनी शेवटची गाडी लावली त्या संध्याकाळी ती जशी उभी होती, तेवढंच माझं ओरिजिनल. त्याच्या आधीचं मला ठाऊक नव्हतं आणि त्याच्या नंतरचं मला नको होतं. आणि आता त्याच्यापुढे आणखी एक दुपार येऊन उभी राहिली होती, तुमची. तुम्ही शेवटची गाडी लावलीत तेव्हा तिला लांब गादी होती, पांढरा दिवा होता, मागे दोन कान होते आणि चाकांत शेताची माती होती.

तरीही मी टेम्पो येऊ दिला. सांगितलेलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

टेम्पोबरोबर एक कारागीर आला होता, जाड पट्टे आणि जुन्या गाद्या घेऊन. कामाचा माणूस, हात हळू लावणारा. गाडीभोवती फिरला, फडक्याने एकेक भाग पुसून पाहिला, मागे येऊन कानांवर बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, "काय काय जोडलंय हो मॅडम यावर! काळजी नको, सगळं काढून टाकू."

"काहून?" मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही स्वतःकडे बघत राहिले; माझं 'का' सोडून तुमचं 'काहून' तोंडातून आलं होतं. पण मग थांबता येईना. मी त्याला सांगितलं की गादी काढली तर माझ्या जावेची कंबर उडेल. शिरपूरच्या वळणावर रोही उभा असतो, जुन्या दिव्यात तो दिसत नाही. गाडी उभी ठेवली की मरते. कान बोलटाने बसवता येत नाहीत, झटका बसतो. तुम्ही मला जे जे सांगितलं होतंत ते सगळं मी त्या परक्या माणसाला सांगितलं, तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात. शोभा कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"पण तुम्हीच बोलावलं होतं ना?" तो बिचारा म्हणाला.

"मीच," मी म्हणाले. "बसा. पोहे होताहेत."

टेम्पो रिकामा गेला. ईशानला सांगितलं तेव्हा तो जरा दुखावला. "आजी, इतकी वर्षं तूच तर म्हणत होतीस!"

"म्हणत होते," मी म्हणाले. "विनूआजोबा ऐकत नव्हते, म्हणून म्हणता येत होतं."

त्याला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. मागून मीराचा आवाज आला, "तिला राहू दे ना रे." बाळांनो, तुमचा राग मला चालेल. पण तुम्ही याल तेव्हा गाडी जशी आहे तशी पाहा. पेटीचं झाकण उघडून पाहा, आत अजून औषधाचा वास आहे. लांब गादीवर बसून शिरपूरच्या वळणापर्यंत जाऊन या. मग सांगा, काय काय कापायचं ते.

आणि भाऊजी, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. चार दिवस उघाड पडली आणि तण वर आलं. भागवत फाटकात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "काकू, जोडी कोठी मिळून नाई राह्यली," तो म्हणाला. "शोभाकाकूचं वावर तणानं भरलं. म्हटलं, इचारून तं पाहावं." काय विचारायचं ते त्याने म्हटलंच नाही. नुसतं पडवीकडे पाहिलं. इतकी वर्षं बांधावरून येणारा माझा आवाज त्यानेही ऐकला होता.

मी किल्ली दिली.

तो तुमच्यामागे मूठ दाबत चालायचा, गाडी त्याने कधी चालवली नव्हती. आता त्याची बायको मुठीवर आणि तो गादीवर. मी आणि शोभा बांधावर. लाथ मारता मारता त्याचा दम गेला, पण गाडी सुरू झाली. ओळीत शिरली. त्याच्या पायांना स्वतःच्या गाडीची सवय, आणि ही उलटी.

"भागवत, गिअर उजव्या पायाला! ब्रेक डावा!" मी ओरडले.

"काकू, तुमी शाळा नका घेऊ! आधीच आंग थरथरून राह्यलं!"

शेताच्या मध्यावर त्याला थांबायचं होतं. सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेकऐवजी गिअर पडला, गाडीने उसळी घेतली, त्याची बायको मूठ सोडून बाजूला झाली आणि डवरा तिरका ओढला जाऊन सोयाबीनची चांगली ओळभर रोपं मुळासकट उपटत गेला. बायकोने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. शोभा हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून, आणि पदर तिने मग खाली घेतलाच नाही.

पुढच्या ओळी भागवतने बऱ्या काढल्या. संध्याकाळपर्यंत शेत स्वच्छ झालं. मधली ती एक ओळ वाकडी आहे, पीक दाटेपर्यंत बांधावरून दिसत राहील. तुमच्या ओळी सुतासारख्या असायच्या. भागवत गाडी लावून गेला, शोभा पुढे निघाली, मी मागे थांबले. यांची गाडी, तुमचे कान, भागवतची वाकडी ओळ, आणि ही सगळी व्यवस्था माझ्या हातची. तुम्ही हे पाहून माझ्याकडे वळला असतात आणि काहीतरी बोलला असतात. इतका वेळ या कागदावर तुमची वाक्यं मला एकामागून एक सुचत गेली. पण त्या वेळी तुम्ही काय म्हणाला असतात, ते मी बांधावर उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला, उजेड होता तोवर. मला ऐकू आलं नाही.